गोवा–दिल्ली विमान : तारीख, वेळ, विमानतळ सगळं पुढेमागे चालेल, तर पैसे नेमके कुठे वाचतात?

फोंड्याची_सून :
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत चौघांना दिल्लीला जायचंय. आम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. निघायची तारीख आठवडाभर पुढेमागे झाली तरी चालेल, परतीची त्याहूनही जास्त. पहाटेचं विमान चालेल, रात्रीचंही चालेल. घर फोंड्याला, त्यामुळे गोव्याच्या दोन विमानतळांपैकी दाबोळी जवळ. पण मोपाहून स्वस्त पडत असेल तर तिकडून जाऊ.

एवढी मोकळीक असली की नेमका फायदा कसा करून घ्यायचा, ते जाणकारांनी सांगावं. विमान जास्त भरलं की जागा सोडणाऱ्याला कंपनी पैसे देते म्हणतात. आपल्याकडे असं खरंच होतं का, आणि त्यासाठी कुठे नाव द्यावं लागतं? आणखी एक कोडं आहे. चौघांचं एकत्र तिकीट शोधलं की माणशी दर जास्त दिसतो, एकट्याचं शोधलं की कमी. संकेतस्थळ तेच, विमानही तेच. असं का?

मांडवीकाठ :
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. विमानातल्या सगळ्या जागा एका भावाने विकत नाहीत. एकाच वर्गातल्या जागांचे कंपनी दरानुसार कप्पे पाडते. स्वस्त कप्पा संपला की पुढचा, त्याहून महाग कप्पा उघडतो. तुम्ही चार प्रवासी टाकून शोधलंत की चारही जागा एकाच दराने मिळतील असा कप्पा शोधला जातो. समजा ४,८०० च्या दोनच जागा उरल्यात आणि पुढचा कप्पा ५,९०० चा आहे. चौघांना ५,९०० ने २३,६०० लागतील. दोन-दोन करून काढलीत तर ९,६०० अधिक ११,८००, म्हणजे २१,४००. बसल्या जागी २,२०० वाचले.

म्हणून आधी एक प्रवासी टाकून दर बघा, मग दोन, मग तीन, मग चार. दर जिथे उडी मारतो तिथे स्वस्त कप्पा संपला. तेवढ्यांचं तिकीट आधी काढा आणि उरलेल्यांचं लगेच मागोमाग. प्रवाशांची नावं, जन्मतारखा आधीच एका कागदावर लिहून ठेवा, म्हणजे मध्ये वेळ जात नाही.

दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळे आरक्षण क्रमांक, झाले की एक जोखीम येते. विमान रद्द झालं तर कंपनी प्रत्येक पीएनआर वेगळा हाताळते, दोन जोड्या दोन विमानांत जाऊ शकतात. त्यामुळे मुलगी एकटी पडता कामा नये. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी एकाशेजारी जागा द्यावी, असं डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय, पण ते एकाच पीएनआरवर असतील तर. तेव्हा तुम्ही आणि मुलगी एका तिकिटावर, यजमान आणि सासूबाई दुसऱ्या, अशीच वाटणी करा.

आता वार. गोव्याची गोष्ट इतर शहरांपेक्षा उलटी आहे, आणि गोंयकारांनी तिचा पुरता फायदा घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पर्यटक शुक्रवारी संध्याकाळी गोव्यात उतरतो आणि रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी सकाळी परत जातो. तो येतो तेव्हा आपण बाहेर पडायचं, तो जातो तेव्हा आपण घरी यायचं. शुक्रवारी रात्री गोव्यातून निघणारं आणि रविवारी रात्री गोव्यात येणारं विमान बहुतेक वेळा त्याच दिवसाच्या उलट्या फेरीपेक्षा स्वस्त असतं. ‘रविवारचं तिकीट महागच’ असं जे सगळीकडे सांगतात ते इथे निम्मंच खरं. त्याशिवाय मंगळवार, बुधवार आणि शनिवारची दुपार नेहमीच बऱ्या.

दिवाळीत आणखी एक पदर जोडला जातो. सणाच्या आधीचे तीन-चार दिवस गोव्यातून उत्तरेकडे जाणाऱ्यांची गर्दी, लक्ष्मीपूजनानंतर गोव्यात येणाऱ्या पर्यटकांची. मधला स्वस्त दिवस म्हणजे प्रत्यक्ष सणाचा, कारण त्या दिवशी कुणाला घर सोडायचं नसतं. चतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळून झाला, घरचे फोव (पोहे) खाऊन झाले, की दुपारचं किंवा रात्रीचं विमान बघा. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळही तशीच. परतताना मात्र भाऊबीजेनंतरचा पहिला शुक्रवार-शनिवार टाळा, तेव्हा दिल्लीहून गोव्याकडे येणारं प्रत्येक विमान भरलेलं असतं. मंगळवार-बुधवारपर्यंत थांबता आलं तर थांबा.

शोधताना गूगल फ्लाइट्सवर तारखेच्या चौकटीत टिचकी मारली की महिन्याच्या प्रत्येक दिवसाखाली दर दिसतो. ‘डेट ग्रिड’मध्ये जाण्याची आणि परतीची तारीख एकमेकांसमोर मांडलेली मिळते, तुमच्यासारख्या मोकळ्या प्रवाशाला ते कोष्टक सोन्यासारखं आहे. तिथे दिवस ठरवा, दराची सूचना लावून ठेवा, पण तिकीट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच काढा. का, ते पुढच्या परिच्छेदात.

देशांतर्गत प्रवासाला ७ दिवसांहून जास्त अवधी असेल आणि तिकीट थेट कंपनीकडून काढलं असेल, तर काढल्यापासून ठरावीक तासांत रद्द केल्यास कंपनीला रद्द-शुल्क घेता येत नाही. ही मुदत पूर्वी २४ तास होती, आता किती आहे ते काढतानाच बघून घ्या. म्हणजे चांगला दर दिसला की घेऊन टाका आणि ती मुदत संपेपर्यंत बघत राहा. दर उतरला तर आधी नवं काढा, ते पक्कं झाल्याचा ईमेल येऊ द्या, मग जुनं रद्द करा. क्रम उलटा करू नका. दलालाच्या ॲपवरून काढलं असेल तर त्याचं सुविधा शुल्क सहसा परत मिळत नाही, आणि सगळा फायदा तिथेच जिरतो.

‘ब्राउझरचा इतिहास पुसला की दर उतरतो’ हे मात्र डोक्यातून काढा. दुसऱ्यांदा बघताना दर वाढलेला दिसतो, तो मधल्या वेळात कप्पा संपला म्हणून, किंवा आधी दिसलेला दर शिळा होता म्हणून.

पेडणे_पलीकडे :
वरचं सगळं मान्य. विमानतळाचं सविस्तर लिहितो, कारण तिथे हिशेब चुकतो.

विमानतळांचे संकेतांक पाठ करा. दाबोळी जीओआय (GOI), मोपा जीओएक्स (GOX). काही ठिकाणी नुसतं ‘गोवा’ टाकलं की दोन्ही एकत्र येतात, काही ठिकाणी एकच येतो आणि दुसरीकडचं स्वस्त विमान दिसतच नाही. दोन्ही वेगळे टाकून बघा. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ, त्यामुळे नागरी विमानांना तिथे वेळा मोजून मिळतात. मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली, तिथे तसं बंधन नाही. म्हणून पहाटे तीन-चारच्या अडनिड्या वेळा तिकडे जास्त सापडतात, आणि अडनिडी वेळ म्हणजे सहसा कमी दर.

पण फोंड्याहून दाबोळी साधारण ४० किमी आणि मोपा साठ-पासष्ट. तिकिटातला फरक माणशी असतो, टॅक्सीचा गाडीमागे. चौघांना माणशी ५०० वाचले तर २,००० झाले, त्यातून टॅक्सीचा जादा खर्च वजा केला तरी बरंच उरतं. एकटा माणूस असेल तर तेच ५०० टॅक्सीत जातील. मोपाला कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसेस पणजी-मडगावकडून आहेत, पण पहाटे तीनच्या विमानाला बस धरून चालू नका. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा आणि भाडं ठरवतानाच ‘मोपा’ असं स्पष्ट सांगा. दोन्ही विमानतळांचं वापरशुल्क वेगळं असतं, ते पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर कळतं. तेव्हा पहिल्या पानावरचे दर ताडून निर्णय घेऊ नका.

एक दुखणं नेहमीचं. जाताना मोपाहून, येताना दाबोळीला, असं तिकीट स्वस्त पडतं. टॅक्सीने जाणाऱ्याला काही फरक पडत नाही. गाडी पार्किंगमध्ये ठेवून जाणार असाल तर ती गोव्याच्या दुसऱ्या टोकाला राहील, आणि पार्किंगचे दिवस मोजले की बचत उरत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिकिटावरचा संकेतांक पुन्हा वाचा. देशांतर्गत चेक-इन खिडकी साधारण ६० मिनिटं आधी बंद होते. चुकीच्या विमानतळावर पोचलेला माणूस तिथून झुवारी आणि मांडवी ओलांडून दुसरीकडे वेळेत पोचत नाही.

दिल्लीकडेही हाच खेळ आहे. गाझियाबादजवळचं हिंडन हे छोटं विमानतळ शोधात घालून बघा; पूर्व दिल्ली, नोएडा, गाझियाबादला उतरायचं असेल तर सोयीचं. गुरुग्रामला जायचं असेल तर नको, टॅक्सीतच सगळं जाईल. आणि हा धागा वाचणाऱ्या डिचोली, साखळी, वाळपईच्या मंडळींसाठी : बेळगावचं सांबरा विमानतळही तपासा. चोर्ला घाटाने पणजीहून साधारण ११० किमी. पावसाळ्यात मात्र घाटाच्या भरवशावर विमान ठेवू नये.

हक्काचं_बोला :
जागा सोडण्याबद्दल. होय, आपल्याकडेही नियम आहे, पण त्यावर बचतीचा बेत आखू नका. झालं तर वरकड, एवढंच.

कंपनीने जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली आणि सगळे हजर झाले, तर डीजीसीएच्या नियमानुसार कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणारे विचारायचे असतात. अशा प्रवाशाला काय द्यायचं ते कंपनी आणि तो मिळून ठरवतात, त्याला ठरावीक आकडा नाही. कुणीच तयार झालं नाही आणि पक्कं तिकीट असलेल्या, वेळेवर आलेल्या प्रवाशाला जबरदस्तीने ठेवलं, तर आकडे ठरलेले आहेत. मूळ वेळेनंतर तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर काही नाही. २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांच्या २०० टक्के, कमाल १०,०००. त्याहून उशिराचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००. प्रवाशाने दुसरं विमान नाकारलं तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर ४०० टक्के, कमाल २०,०००.

फरक नीट समजून घ्या. स्वेच्छेने थांबतो म्हणून सही केलीत की वरचे आकडे तुम्हाला लागू होत नाहीत. जे कबूल केलं तेवढंच मिळतं. मूळ भाडं आणि इंधन मिळून ४,००० असेल तर जबरदस्तीने ठेवलेल्याला ८,००० मिळतात. म्हणून कुणी १,५०० चं कुपन पुढे केलं तर लगेच मान डोलवू नका, हे ८,००० डोक्यात ठेवून बोला.

नाव नोंदवायला कुठे रकाना नाही. चेक-इन खिडकीवर सांगायचं, ‘विमान जास्त भरलं असेल तर आमच्यातले दोघे पुढच्या विमानाने जायला तयार आहेत,’ आणि मग बोर्डिंग दारापाशीच बसून राहायचं, कारण बोलावणं शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात येतं. सामान फक्त हातातलं हवं. बॅग विमानाच्या पोटात गेली असेल तर ती शोधून उतरवावी लागते, आणि त्या घाईत कर्मचारी हातसामानवाल्यालाच आधी विचारतात. सही करण्यापूर्वी कागदावर घ्यायचं ते असं : पुढच्या विमानाचा क्रमांक आणि त्यावर जागा पक्की असल्याचा उल्लेख, कुपन असेल तर रक्कम, मुदत, ते दुसऱ्याच्या नावे वापरता येतं का, आणि त्यातून कर भरले जातात का, मधल्या वेळचं जेवण, रात्र पडली तर राहणं. ‘पुढच्या विमानात बघू’ हे तोंडी आश्वासन म्हणजे काहीच नाही. दिवाळीत पुढची विमानंही भरलेलीच असतात.

तुमच्या बाबतीत सासूबाई आणि मुलगी बरोबर असताना हे करू नका, असं माझं स्पष्ट मत. यजमान एकटे परतणार असतील तर जरूर करावं.

युरोपात जाणाऱ्या गोंयकारांसाठी : लिस्बनसारख्या युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, जबरदस्तीने ठेवल्यास अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई असते. गोव्याकडच्या लांब प्रवासाला वरचा टप्पा लागतो.

फोंड्याची_सून :
मनापासून आभार. एकेक प्रवासी वाढवून बघितलं, तिसऱ्या माणसाला दर उडी मारतो! आणखी दोन शंका. सासूबाईंना ज्येष्ठांची सवलत घ्यावी का? आणि गोवा–मुंबई व मुंबई–दिल्ली अशी वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं थेट विमानापेक्षा स्वस्त दिसताहेत. घ्यावीत का?

कुळागर :
ज्येष्ठांची सवलत ६० वर्षांवरच्यांना, पण ती मूळ भाड्यावर असते. कर आणि विमानतळ शुल्क तसंच राहतं. शिवाय बऱ्याचदा ती सर्वांत स्वस्त कप्प्याला लागू नसते. दोन्ही दर शेवटच्या पानापर्यंत नेऊन ताडून बघा, साधं तिकीट स्वस्त निघालं तर साधंच घ्या. सवलतीचं घेतलंत तर वयाचा मूळ पुरावा जवळ हवा, नाहीतर खिडकीवर फरक भरायला लावतात. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. जागा निवडण्याच्या पानावर पैसे न भरता पुढे जाता येतं, ‘स्किप’ बारीक अक्षरात असतं. सामान साधारण १५ किलो पोटात आणि ७ किलो हातात. पण काही स्वस्त भाड्यांत पोटातलं सामान धरलेलंच नसतं, ते वाचून घ्या. जादा किलो लागणार असतील तर आधीच ऑनलाइन विकत घ्या, खिडकीवर तेच महाग पडतं.

मांडवीकाठ :
मुंबईमार्गे दोन वेगळी तिकिटं घेऊ नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘आलेच नाहीत’ धरते आणि तिकीट बुडतं. सामान काढून पुन्हा द्यावं लागतं, टर्मिनल एक ते दोन रस्त्याने जावं लागतं. आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, शोधात दोन्ही ‘मुंबई’ म्हणूनच दिसू शकतात, आणि एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं म्हणजे वाहतुकीशी शर्यत. एकाच पीएनआरवर, एकाच कंपनीचं, मध्ये दोन-तीन तास थांबणारं विमान असेल तर खुशाल घ्या. जोड चुकली तर पुढे पोचवायची जबाबदारी तिची.

आणि तिकीट वाया जाणारच असेल तर गप्प बसू नका. ‘परतावा नाही’ लिहिलेल्या तिकिटावरही प्रवास झाला नाही तर कर आणि विमानतळाचं वापरशुल्क परत द्यावं लागतं. रद्द-शुल्कही मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यापेक्षा जास्त घेता येत नाही. तिकिटावरचा तपशील उघडा, त्या ओळींची बेरीज करा आणि तेवढे मागा. चौघांचं मिळून ती रक्कम सोडून देण्यासारखी नसते.

हक्काचं_बोला :
एक मुद्दा राहिला, आणि मोकळ्या प्रवाशासाठी मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी. दोन-तीन महिने आधी विकलेल्या तिकिटांच्या वेळा या बदलाच्या आसपास हलतात. ‘वेळ बदलली आहे’ असा संदेश आला की घाईने ‘मान्य’ दाबू नका. बदल मोठा असेल तर कंपन्या बहुधा विनाशुल्क दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा देतात. पहाटे चारचं स्वस्त तिकीट घेतलेल्याला अशा वेळी सकाळी दहाचं विमान त्याच पैशात मिळू शकतं, फक्त मागावं लागतं. संदेशातल्या दुव्यावर फक्त एक-दोन पर्याय दिसतात. हवं ते विमान आधी संकेतस्थळावर शोधून त्याचा क्रमांक लिहून ठेवा आणि ग्राहक सेवेला फोन करून तो क्रमांक सांगा. तुमचे दोन पीएनआर असतील तर एकाच फोनमध्ये दोन्ही हलवायला सांगा, आणि दोन्हींचे नवे ईमेल आल्याशिवाय फोन ठेवू नका.

आयत्या वेळी, काही न कळवता रद्द झालं तर दिल्लीसारख्या दोन तासांहून लांब उड्डाणाला १०,००० किंवा मूळ भाडं अधिक इंधन, यातलं जे कमी ते भरपाई म्हणून मिळतं. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण नसेल तर. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे. कंपनी ऐकत नसेल तर ‘एअरसेवा’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार घाला. पीएनआर, बोर्डिंग पास आणि उशिराचा संदेश यांचे फोटो जोडा. बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत फाडून टाकू नका.